शॉकअपमधलं तेल

परीक्षेचा हंगाम आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, दुकानाचा काउंटर सांगतो. नांदेडला माझं औषधांचं दुकान आहे. ऊन तापायला लागलं की गिऱ्हाईक बदलतं. खोकल्याची बाटली मागणारे म्हातारे मागं पडतात आणि शिकवणीवाल्या पोरांचे आईबाप पुढं येतात. कुणाला पित्ताची गोळी हवी असते, कुणाला ग्लुकोजची पुडी, कुणाला डोकं दुखायचं थांबेल पण झोप येणार नाही असं काहीतरी. बापाच्या मागं पोर उभं असतं. ते माझ्याकडं बघत नाही. ओठ हलवत मनातल्या मनात काहीतरी घोकत असतं. समोरच्या चौकात पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो लावलेला भलाथोरला फलक आहे. त्या फलकावरचं एकही पोर माझ्या दुकानात आल्याचं मला आठवत नाही.

परवा एक गृहस्थ आले. लोहा तालुक्याकडचे असावेत. बाकीची गिऱ्हाइकं पांगेपर्यंत थांबले, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "दादा, पोरीचा हात कापून राहिला. पेन धरवंना तिला. हात थांबायचं काही हाय का तुमच्याकडं?"

मी त्यांना एका डॉक्टरांचा पत्ता दिला. दुसरं काय देणार? ते गेले, आणि मी माझाच हात काचेवर पालथा ठेवून पाहिला. सायलीचा तो उन्हाळा आठवला.

सायली माझी मुलगी. बारावी झाली, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या खेपेला थोडक्यात हुकली, म्हणून लातूरला वर्षभर राहून पुन्हा तीच परीक्षा द्यायची ठरली. आमच्याकडं याला 'रिपीट करणं' म्हणतात. शिकवण्या नांदेडातही गल्लोगल्ली आहेत, पण तिच्या मैत्रिणी लातूरला होत्या आणि तिला तिथलेच सर हवे होते. लातूर म्हटलं की लोकांना निकाल आठवतात. मला जमीन आठवते. ज्या जमिनीवरून मी लहानपणी उठून आलो, तिच्यापासून थोड्याच अंतरावर माझी लेक चौथ्या मजल्यावर लोखंडी कॉटवर झोपणार होती. मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि माझं कारण शहाण्या माणसांत सांगण्यासारखं नव्हतं.

आमचं गाव औशाच्या पलीकडं. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. त्या पहाटेचं मी लिहिणार नाही. मला ते जमणार नाही. आई आणि मी बाहेर आलो, वडील आले नाहीत, एवढंच सांगतो. आमच्या घराची दगडमातीची भिंत दोन हात रुंद होती आणि वडिलांना तिचं फार कौतुक. "हत्तीनं धडक दिली तरी हलायची न्हाई," म्हणायचे. ते खोटं नव्हतं. ती हलली नाही, एकदम आली.

ती पहाट सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यानंतरचा हंगाम फारसा कुणाला ठाऊक नाही. शेतात ज्वारी कणसाला आली होती आणि काढायला माणूस नव्हता. आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो. कोऱ्या पत्र्याचा वास, मदतीत आलेल्या घोंगड्यांचा ओलसर वास, दुधाच्या भुकटीची ती टाळूला चिकटणारी चव अजून माझ्या तोंडात आहे. आणि जमीन थांबत नव्हती. कितीतरी महिने ती अधूनमधून थरथरायची. आधी खालून गुरगुर ऐकू यायची, मग कुत्री गप्प व्हायची, बसलेले बैल उठून उभे राहायचे, आणि मग चुलीवरचं झाकण बोलायला लागायचं. आमचे गुरुजी बाभळीखाली शाळा भरवायचे. एकदा पाढा चालू असताना गुरुजी म्हणाले, "सात सक्कं," आणि खालून आवाज आला. पाट्या खडखडल्या. आम्ही सगळी पोरं तळहात मातीला लावून बसलो. माती गरम होती आणि तिच्या आत काहीतरी चाललं होतं. थांबल्यावर गुरुजींनी ओठांवरून जीभ फिरवली आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "बेचाळीस." मी आजही सात सक्कं म्हणताना मध्ये थांबतो.

त्याच शेडात आईनं राखण मांडायला सुरुवात केली. खाली पालथा डबा, त्यावर तांब्या, तांब्यावर पालथी वाटी, वाटीवर आडवा चमचा. जमीन जराशी जरी हलली तरी चमचा पडणार, मागोमाग वाटी पडणार, आणि आवाज झाला की जिथं असाल तिथून उघड्यावर पळायचं. तेव्हा शेडाशेडांत असं काहीतरी मांडलेलं असायचं. पुढं मामांनी आम्हाला नांदेडला आणलं. मी शिकलो, दुकान टाकलं, घर बांधलं; तेही एकमजली, वर पत्रे. मित्र हसायचे, "औषधवाल्याला स्लॅब परवडंना का?" मी पण हसायचो. राखण मात्र आमच्याबरोबर आली. स्वयंपाकघराच्या दाराशी ती अजून असते. तिच्यामुळं आमच्या घरात कुणी धावत नाही, कुणी दार आपटत नाही, पाट खाली ठेवायचा तर दोन्ही हातांनी ठेवतात. सायली चालायला शिकली तीच मुळी चवड्यांवर.

माझी बायको विद्या इस्लापूरकडची. तिकडं धबधबा कोसळतो, घरं नाही. कूलर लावला, रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला, की वाटी खणकन पडायची आणि आई, मी आणि सायली अंगणात. विद्या आत भाकरी थापत राहायची. मग खिडकीतून म्हणायची, "झालं का पळून? या आता, भाकर गार होऊन राहिली."

आता गाडीचं सांगतो. सायली दहावी झाली तेव्हा तिनं हट्टानं रिमोटची गाडी मागवून घेतली. खेळण्यातली नव्हे, सुटे भाग येतात, आपण जोडायची, हातभर लांब, खऱ्या गाडीत असतं ते सगळं तिच्यात लहान करून असतं. चारी चाकांना धक्के झेलणारे शॉकअप, त्यात तेल, वर स्प्रिंगा. चाक किती आत कलावं, पुढची चाकं किती फाकावीत, पोट जमिनीपासून किती वर असावं, सगळं आपण ठरवायचं. ती सुट्टी आम्ही दोघांनी फरशीवर पालथं पडून काढली. शॉकअपमध्ये तेल भरायला दुकानातल्या इंजेक्शनच्या नळ्या, चाकाचा कल बघायला तिच्या कंपासपेटीतला गुण्या, सपाट जागा म्हणून जुन्या आरशाची काच. गावाबाहेर कापसाच्या एका बंद जिनिंग गिरणीचं मोकळं पटांगण आहे. तिथं रविवारी सकाळी असे चारदोन येडे जमतात. त्यांतले एक इरफानभाई. गावातल्या इतवारा भागात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, आजोबांपासूनचं. त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशीच चहा पाजला आणि म्हणाले, "आता तुमी बी बिघडले. बसा."

मग सायली लातूरला गेली आणि गाडी माझ्याकडं राहिली.

गाडी वेगात वळते तेव्हा एका अंगावर कलते. कललीच पाहिजे. बाहेरच्या चाकांवर भार येतो, तिथली स्प्रिंग दबते, आतली सैल होते, आणि त्यामुळंच आतलं चाक जमिनीला धरून राहतं. हे मला पाठ होतं. पण सांगाडा कलताना मला बघवायचं नाही. आता गेली, असं वाटून मी रिमोटवरचं वळवायचं चाकच सोडून द्यायचो. म्हणून मी दर रविवारी एकेक गोष्ट आवळत गेलो. शॉकअपमधलं तेल काढून दाट तेल भरलं. स्प्रिंगा दाबून बसाव्यात म्हणून त्यांच्याखाली एक बोंडी, म्हणजे जाड कडी, घातली, मग आणखी एक. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी तार असते, तीही जाड घातली. मार्चअखेर आमच्याकडचं ऊन असं की सकाळी भरलेलं तेल दुपारपर्यंत पाण्यासारखं होतं. मला तेवढंच निमित्त मिळालं, आणखी दाट भरलं. गाडी आता कलत नव्हती. काळ्या मातीच्या ढेकळांवरून ती टणाटणा उडायची, वळणावर घसरून पाठीवर पडायची, पण पडेपर्यंत सरळ असायची. इरफानभाई म्हणाले, "भाऊ, तुमची गाडी चालून नै राहिली, नाचून राहिली." मी म्हणालो, "असू द्या." मला तिचं ताठ राहणं बरं वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात, परीक्षेला अजून काही आठवडे असताना, सायलीचा फोन आला. आवाज इतका बारीक की आधी मला ओळखूच आला नाही.

"बाबा, बिल्डिंग हलून राहिली."

"कधी?"

"रोज."

बापानं अशा वेळी काय म्हणावं ते मला ठाऊक आहे. म्हणावं, असं काही नसतं बाळा, अभ्यासाचा ताण आहे, पाणी पी. माझ्या तोंडून आलं, "खाली जा. आत्ता जा. मी निघालो."

लातूरपर्यंत मी गाडी कशी चालवली आठवत नाही. स्टिअरिंग घामानं निसटत होतं. वाटेत दोनदा थांबून मी रस्त्याकडेच्या मातीवर हात ठेवून पाहिला, हे मात्र आठवतं. माती तापलेली होती आणि स्वस्थ होती. तिच्या स्वस्थ असण्यावर माझा विश्वास नव्हता.

सामान उतरवायचं म्हणून वसतिगृहाच्या मावशींनी मला वर सोडलं. सायली खाली जाऊन पुन्हा वर आली होती, कॉटवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळं झालेलं. पुस्तकांचा ढीग होता, त्याला हात लागलेला दिसत नव्हता. आणि खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलचा ग्लास पालथा ठेवलेला होता. त्यावर कंपासपेटीचं झाकण. झाकणावर लोखंडी शार्पनर.

 त्या खोलीतल्या कुठल्याच पोरीला ते काय आहे हे कळलं नसतं. मला लांबूनच कळलं. आईनं हे मला दिलं होतं, मी तिला दिलं होतं, आणि ती ते घेऊन चार मजले चढून गेली होती.

"दिवसातून कितीदा पडतं?" मी विचारलं.

"लई वेळा. पडलं की मी पळते. वर येईपर्यंत वाचलेलं सगळं जातं डोक्यातून."

मी काही बोलणार तेवढ्यात शार्पनर थरथरला. सरकत सरकत कडेला आला आणि टणकन खाली पडला. त्यानंतरचं मी ठरवून केलेलं नाही. मी तिचं मनगट धरलं आणि आम्ही दोघं जिन्यावरून पळत सुटलो. तिची एक चप्पल वरच राहिली. कठड्याला माझं कोपर खरचटलं. वळणावळणावर पोरी भिंतीला चिकटून आम्हाला वाट देत होत्या. अंगणात आलो तर मावशी चादरीवर कुरडया वाळत घालत होत्या. वर मान करून म्हणाल्या, "काय झालं हो सर? गच्चीवरची मोटर लावलीय मी. पाणी चढून राहिलंय."

सायली हसली नाही. मीही हसलो नाही. उन्हात उभे राहून आम्ही मोटरचा आवाज ऐकत होतो. मग मी तिथंच, कुरडयांच्या शेजारी खाली बसलो.

मी तिला घरी आणलं. ती पुस्तक उघडीना. आई तिच्या केसांतून हात फिरवत बसायची. आईला यात काही वावगं वाटत नव्हतं. "भ्या वाटू दे तिला," म्हणायची. "भ्यालेलं माणूस जागं ऱ्हातं. तुझे वडील न्हाई भ्याले."  विद्या मात्र रात्रीच्या जेवणाला मला वाढताना फक्त एवढं म्हणाली, "तिला पेपरला बसायचंय, हे तुम्ही दोघं विसरू नका." मी विसरलो नव्हतो. ती बसू शकणार नाही, हीच मला भीती होती. एक वर्ष जाईल याची ती भीती नव्हती. आज चौथा मजला, उद्या पूल, परवा लिफ्ट. ही पोर पुढं आयुष्यभर पत्र्याखालीच राहील, माझ्यासारखी, असं मला समोर लिहिल्यासारखं दिसत होतं.

एका सकाळी तिनं पलंगाखालून गाडी ओढून काढली. काचेवर ठेवली आणि वरून तळहातानं दाबली. गाडी दबेना. तिनं जोर लावला, तशी ती जरा खाली गेली आणि हात काढताच टुणकन उसळली.

"बाबा, हिला काय केलंत?"

"घट्ट केली जराशी."

"जराशी? ही लाकडी झाली की. तुम्ही हिला काहीच हलू देत नाही. मग चाक जमिनीवर टेकंल कसं?"

तिनं ते रागानं म्हटलं, गाडीबद्दलच म्हटलं. मला मात्र वडिलांची भिंत आठवली आणि मी उगाचच उठून पाणी प्यायला गेलो.

मग आम्ही पुन्हा फरशीवर पालथे पडलो. तिनं चारी शॉकअप उघडले, माझं मधासारखं तेल वाटीत ओतून काढलं. राखणीतलीच वाटी होती ती. जवळची म्हणून तिनं उचलली आणि उचलल्यावर क्षणभर आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग तिनं तेल ओतलं. बोंड्या काढल्या, जाड तार काढून बारीक घातली, गुण्या लावून चाकं वरच्या बाजूनं किंचित आत कलवली. भाग लहान, स्क्रू तांदळाएवढे. तिचा हात कापत होता. पहिल्या दिवशी एक स्क्रू बसवायला तिला फार वेळ लागला, दोनदा पाना घसरला. मी मदत करायला हात पुढं केला तर म्हणाली, "थांबा." मी थांबलो.

पहिल्यांदा तेल फारच पातळ झालं. दाबली की गाडी बसायची ती बसूनच राहायची. वळणावर अशी कोलमडली की इरफानभाई म्हणाले, "आता ही झोपूनच गेली, उठवा तिला." थोडं दाट भरलं. मग मागचं आणखी थोडं. सकाळी जमलेलं दुपारी बिघडायचं, कारण ऊन. रोज सकाळी पटांगणावर जायचं, दोन फेऱ्या मारायच्या, परत यायचं, शॉकअप उघडायचे. तिची परीक्षा जवळ येत होती आणि आम्ही खेळण्यातलं तेल बदलत होतो. लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं असतं. मलाही मधूनच दरदरून घाम फुटायचा की आपण हे काय करतोय. पण घरी आल्यावर, हात धुऊन झाले की, ती आपणहून पुस्तक घेऊन बसू लागली होती.  दृष्ट लागेल म्हणून विद्याकडंही बोललो नाही.

एके दिवशी तिनं रिमोट माझ्या हातात दिला. "आज तुम्ही."

"नको."

"बाबा, घ्या."

पटांगणाला उन्हाळ्यात भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या. त्या भेगांवरून मी गाडी सोडली. सरळ जाताना ती मऊ चालत होती. चाकं खाली-वर होत होती, सांगाडा शांत होता. मग वळण आलं. गाडी कलली. माझ्या घशातून आवाज निघाला. बोटं चाक सोडायला निघाली होती, तेवढ्यात सायली कानाशी म्हणाली, "सोडू नका, धरा, धरा." बाहेरची बाजू दबत गेली, दबत गेली, आता पोट घासणार असं वाटलं, आणि तिथं ती थांबली. आतलं चाक मातीला लागलेलं मला स्पष्ट दिसलं. वळण संपलं तशी गाडी हळूहळू वर येऊन सरळ झाली. माझा सदरा पाठीला चिकटला होता.  इरफानभाईंनी नुसता चहाचा कप माझ्या हातात दिला आणि खालून स्वतःचा हात लावून धरला.

घरी येताना सायली म्हणाली, "मला लातूरला सोडा."

मी याची वाट बघत होतो आणि हेच होऊ नये असंही म्हणत होतो. म्हणालो, "पेपराच्या दिवशी आपण सकाळी गाडीनं जाऊ की. देऊन लगेच परत. इथं खाली बसून वाच, आईजवळ."

"आणि सेंटर तिसऱ्या मजल्यावर आलं तर? तिथं मला वाटी मांडता येणार नाही, बाबा."

 मी तिला सोडून आलो. आईनं निघताना तिच्या पिशवीत गुपचूप एक वाटी नि चमचा टाकला होता. सायलीनं ते पायऱ्या उतरायच्या आधी काढून आजीच्या हातात परत दिला आणि तिच्या पाया पडली. आई वाटी पदरात धरून दारात उभी राहिली. मला मात्र लेक बजावून गेली, "गाडीच्या सेटिंगला हात लावायचा नाही."

ते दिवस मी कसे काढले, मला विचारू नका. गाडी दुकानात मागच्या फळीवर आणून ठेवली होती. गिऱ्हाईक नसलं की मी तिच्यासमोर उभा राहायचो. पाना हाताशी होता. एकेक बोंडी घालावी, थोडी आवळावी, उगाच आपली सुरक्षित असावी, असं वाटून बोटं शिवशिवायची. एकदा पाना लावलासुद्धा. मग काढला. मावशींना फोन करून मी विचारायचो की मोटर किती वाजता लावता. बिचाऱ्या रोज सांगायच्या.

आणि मग परीक्षेच्या तोंडावर एका दुपारी फोन वाजला. दुकानात गर्दी होती. नाव बघूनच माझ्या हातातली औषधाची पट्टी खाली पडली.

"बाबा, आत्ता हललं. खरं हललं. मोटर नव्हती."

मागून पोरींचा गलका ऐकू येत होता. आमच्या भागात अजूनही कधीमधी असा बारीक धक्का बसतो, पेपरात चार ओळी येतात. मला ते सगळं माहीत आहे. पण त्या क्षणी मी पुन्हा बाभळीखाली तळहात टेकून बसलो होतो. मी काउंटरवरून उडी मारूनच बाहेर आलो असेन, कारण भानावर आलो तेव्हा पायरीवर उन्हात उभा होतो, एका हातात फोन, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली.

"कुठं आहेस तू? खाली आहेस ना? मी निघालो."

"येऊ नका."

"सायली—"

"बाबा, ऐका. सगळ्या पळाल्या. मी पण पळाले. चप्पल पण नाही घातली."

"बरं केलंस. तिथंच थांब. उघड्यावर थांब."

"मी वर आहे."

"वर?"

"खोलीत. पुस्तक उघडंच राहिलं होतं."

 ओरडावं, खाली जा म्हणावं, असं सगळं ओठांवर आलं होतं. दुकानातून कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं. समोरच्या फलकावरची पोरं हसत होती.  मग जे तोंडातून आलं, ते कसं आलं हे मला आतापर्यंत कळलेलं नाही.

"किती वेळानं वर आलीस?"

 मग ती हसली. त्या वर्षात पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं.

"हळूहळू आले, बाबा. आपल्या गाडीसारखी. टुणकन नाही."

मी किल्ली खिशात टाकली. हात कापत होता. तो अजूनही कापतो.